स्वरांतील जागा आणि श्रोत्याचा कान

संगीताच्या आस्वादाची चर्चा बहुधा संपूर्ण रचनेभोवती फिरते. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात अनेकदा त्या रचनेतील दोन-तीन सेकंदांचे एखादे सौंदर्यस्थळच घर करून राहते. गायक ओळखीच्या स्वराकडे निराळ्या वाटेने येतो, किंवा अपेक्षित स्वर क्षणभर लांबवतो, तेव्हा मराठी रसिक त्या ठिकाणाला ‘जागा’ म्हणतात आणि उत्स्फूर्त दाद देतात. अशी जागा म्हणजे मूळ चालीवर वरून चढवलेला दागिना होय, हा समज सर्रास आढळतो. तो कितपत टिकतो हे पाहण्यासाठी परस्परांपासून फार दूरच्या दोन संगीतप्रकारांचा विचार उद्बोधक ठरतो: एक युरोपातील बरोक कालखंडाचे, म्हणजे सुमारे १६०० ते १७५० या काळातले, मोजक्या वादकांनी दिवाणखान्यात वाजवण्याचे संगीत, आणि दुसरे बुलढाणा जिल्ह्यातील एका कवीच्या शब्दांवर उभे राहिलेले मराठी भावगीत.

इटालियन संगीतकार आर्कांजेलो कोरेल्ली याने १६८१ ते १६९४ या काळात चार संचांत मिळून ४८ त्रयी-सोनाटा प्रसिद्ध केले. यात दोन व्हायोलिन आणि त्यांना आधार देणारी खर्जाची ओळ असते. त्या ओळीसोबत केवळ अंक लिहिलेले असतात आणि त्यांवरून हार्पसिकॉर्ड किंवा ऑर्गन वाजवणारा साथीदार स्वरमेळाचा भरणा आयत्या वेळी करतो. या संगीतातील अत्यंत हृद्य क्षण असा घडतो: एक व्हायोलिन आपला स्वर धरून ठेवते, तेवढ्यात दुसरे व्हायोलिन किंवा खर्ज पुढे सरकतो, त्यामुळे आतापर्यंत सुसंवादी असलेला तोच स्वर एकाएकी बोचू लागतो आणि मग एक पायरी खाली उतरून शांत होतो. येथे लक्षात घेण्याजोगी बाब ही की, तो बोचणारा स्वर नवा नसतो. तो आधीपासूनच वाजत असतो आणि बदलते ते त्याच्या भोवतालचे नाते.

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांची ‘शीळ’ ही कविता नागपूरचे जी. एन. जोशी यांनी चाल लावून गायली, १९३०च्या दशकाच्या आरंभी तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि मराठी भावगीताच्या वाटचालीचा आरंभ पुष्कळदा तिच्यापासून मोजला जातो. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. ख्यालगायकाला रागाचे वातावरण सावकाश उभारून जागेसाठी श्रोत्याला तयार करता येते. तीन मिनिटांच्या गीतात तेवढी उसंत नसते. म्हणून ही तयारी शब्द आणि ध्रुवपद यांच्याकडे जाते: प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद परतते, कानाला त्याची वाट कळते आणि मग त्या परिचित वाटेवरची किंचित थबक, एखादी मुरकी म्हणजे स्वरांची चपळ गुंफण, किंवा मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, यांना अर्थ प्राप्त होतो.

ध्वनिमुद्रिकेने या विषयात आणखी एक महत्त्वाची भर घातली. कोरेल्लीच्या काळी वाजवलेला क्षण वाजताच संपत असे. तबकडीवर तोच क्षण तसाच्या तसा कितीही वेळा ऐकता येऊ लागला. जागेचे सौंदर्य केवळ अनपेक्षिततेत असते, तर दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यात ते आटून जायला हवे होते. प्रत्यक्षात, जागा येणार हे ठाऊक असताना तिच्या आधीची ओळ अधिक लक्षपूर्वक ऐकली जाते आणि आनंद उणावण्याऐवजी दुणावतो. याचा अर्थ असा की, या आनंदाचे मूळ धक्क्यापेक्षा पूर्वतयारीत अधिक आहे, आणि त्या तयारीत रचनाकार, कलावंत व श्रोता असे तिघेही सहभागी असतात.

म्हणूनच जागेला दागिना मानणे अपुरे ठरते, कारण दागिना अंगावरून उतरवून वेगळा न्याहाळता येतो, तर जागा तिच्या आधीच्या ओळीपासून तोडली की निव्वळ हालचाल उरते. गाण्यातला आकर्षक तुकडा कापून तेवढाच ऐकण्याची सवय वाढत असलेल्या आजच्या काळात हा भेद ध्यानात ठेवणे विशेष अगत्याचे आहे. लहान क्षणांवर प्रेम करणे म्हणजे संपूर्ण रचनेकडे पाठ फिरवणे नव्हे; उलट, ज्याला एका जागेचे मोल खरोखर कळते, त्याने तिच्या अलीकडची साधी, अलंकारहीन ओळही तितक्याच आस्थेने ऐकलेली असते, आणि संगीतशिक्षणाने श्रोत्याला प्रथम द्यायला हवी ती हीच आस्था होय.