विरळ हवेतील न्याय

स्वित्झर्लंडमधील कूर हे शहर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरही उंच नाही. तेथून निघणारी तांबडी आगगाडी आल्बुला घाटातील पूल आणि बोगदे मागे टाकीत सुमारे दोन तासांत सेंट मॉरिट्झला, म्हणजे जवळजवळ १८०० मीटरांवर, नेऊन सोडते. मार्च महिन्यातील दुसऱ्या रविवारी या एंगादिन खोऱ्यात मालोयापासून श्चान्फपर्यंत ४२ किलोमीटरांची स्की-शर्यत होते. १९६९ साली सुरू झालेल्या या शर्यतीला आता दहा हजारांहून अधिक माणसे दुरून दुरून येतात. उतारावरून वेगाने घसरण्याचा हा खेळ नव्हे. दोन अरुंद पट्ट्यांवर उभे राहून, हातांतील काठ्यांनी स्वतःला रेटीत, गोठलेल्या सरोवरांवरून लांबचा पल्ला गाठायचा असतो. सारा भार फुप्फुसांवर आणि हृदयावर.

आणि हवा तर विरळ. या उंचीवर प्रत्येक श्वासागणिक प्राणवायू सुमारे एक पंचमांशाने कमी मिळतो. शरीराला हे तत्काळ कळते. श्वास आणि नाडी जलद होतात, मूत्रपिंडांतून एरिथ्रोपोएटिन नावाचा संदेश निघतो आणि तांबड्या रक्तपेशींची निर्मिती वाढू लागते. मात्र त्या पेशींची नीट भर पडावयास काही आठवडे जावे लागतात. म्हणजे तीन आठवडे आधी येऊन राहिलेला आणि शनिवारच्या संध्याकाळी गाडीतून उतरलेला, असे दोघे रविवारी सकाळी बर्फावर शेजारी शेजारी उभे राहतात. पहिल्यापाशी रजा होती आणि सेंट मॉरिट्झला राहण्याइतका पैसा होता. (याच खोऱ्यातील सिल्व्हाप्लाना सरोवराच्या काठी १८८१ च्या उन्हाळ्यात नीत्शेला त्याची चिरंतन पुनरावृत्तीची कल्पना सुचली. उंचीवर माणसाचे विचार उंचावतात की त्याला नुसतीच धाप लागते, हे मी विद्वानांवर सोपवितो.) त्या पहिल्या माणसाला कोणी दोषी म्हणणार नाही. पण ही लढत बरोबरीची आहे, असे तरी म्हणता येईल काय?

हा प्रश्न मनात आला की मला एरो मॅन्तिरान्ता आठवतो. उत्तर फिनलंडमधील पेल्लो येथे १९३७ साली जन्मलेल्या या स्कीपटूने १९६० ते १९६८ या काळात ऑलिंपिकची सात पदके मिळविली. १९६४ साली १५ किलोमीटरांची शर्यत त्याने ४० सेकंदांच्या अंतराने जिंकली. त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन इतके अधिक होते की त्याने काहीतरी केले असावे असा संशय वर्षानुवर्षे त्याचा पाठलाग करीत राहिला. १९९३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या विस्तृत कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा उलगडा झाला. एका जनुकातील बदलामुळे त्याचे शरीर जन्मापासूनच भरपूर रक्तपेशी निर्माण करीत होते, आणि तोच बदल त्याच्या अनेक नातलगांतही होता. डोंगर चढून न जाताही डोंगराचे देणे त्याच्या घराण्याला लाभले होते. याच मॅन्तिरान्ताच्या चाचणीत १९७२ साली ॲम्फेटामाइन हे उत्तेजक सापडले, हेही येथे सांगितले पाहिजे. ज्या रक्ताविषयी लोकांनी संशय घेतला, ते निर्दोष होते. माणूस मात्र सर्वस्वी निर्दोष नव्हता.

त्याच्यासमोर योहान म्युलेगला उभे करून पाहावे. हा जन्माने जर्मन, स्पेनकडून खेळणारा. २००२ साली युटातील सोल्जर हॉलो येथे, सुमारे १७०० मीटर उंचीवर, त्याने तीन सुवर्णपदके जिंकली. पुढे त्याच्या शरीरात डार्बेपोएटिन सापडले. मूत्रपिंडाच्या रुग्णांचे रक्त वाढावे म्हणून तयार केलेले ते औषध.

जन्मतःच मिळालेले, तीन आठवडे थांबून मिळविलेले आणि सुईतून घेतलेले, असे हे तीन प्रकारचे रक्त. सूक्ष्मदर्शकाखाली तिन्हींत तीच समृद्धी. मग आपण निवाडा कशाच्या आधारे करतो? श्रमांच्या, असे पटकन उत्तर येते. परंतु मॅन्तिरान्ताने आपल्या रक्तपेशींसाठी कोणतेही श्रम केले नव्हते, आणि सुई घेणाराही सराव करून घाम गाळतोच. निसर्गाच्या म्हणावे, तर पैसे मोजून घेतलेला तीन आठवड्यांचा मुक्काम कितीसा नैसर्गिक? मला वाटते, आरंभरेषेवर उभा राहणारा प्रत्येक जण शेजाऱ्याला न बोलता एक वचन देत असतो, आणि म्युलेगने ते मोडले. कोणी म्हणेल, मग नियमच सैल करा, म्हणजे वचनभंग उरणार नाही. तसे झाले तर प्रत्येक तरुणाला मागे पडू नये म्हणून रक्त घट्ट करून घ्यावे लागेल आणि हृदय धोक्यात घालावे लागेल. एकाच्या मोकळिकीतून दुसऱ्यावर सक्ती येईल.

येथवर माझे मन निःशंक असते. पण विरळ हवेचे तंबूही निघाले आहेत. घरी, समुद्रसपाटीवर, त्यात झोपावे आणि रक्ताला डोंगराचा भास द्यावा. नॉर्वेच्या क्रीडासंघटनेने आपल्या खेळाडूंना अशा साधनांची मनाई केली होती. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने मात्र २००६ साली विचारविनिमय करून बंदी घातली नाही. माझा ओढा प्रथम नॉर्वेकडे गेला. डोंगराकडे न जाता डोंगराचे फळ चाखण्यात काहीतरी उणे वाटते. मग आठवतो तो हॉलंडमधला नोकरदार, ज्याला तीन आठवड्यांची रजा कधीच मिळणार नाही. सेंट मॉरिट्झच्या हॉटेलापेक्षा तंबू त्याला खचितच स्वस्त पडेल. पावित्र्याच्या नावाने तो काढून घेतला, तर लाभ डोंगराच्या कुशीत जन्मलेल्याचा आणि धनवंताचा. मन एकीकडे ओढते, न्यायबुद्धी दुसरीकडे, आणि हा तिढा मला अद्याप सुटलेला नाही.

म्युलेगने सोल्जर हॉलोला जिंकलेल्या एका शर्यतीत त्याच्यामागून थॉमस आल्सगार्ड आणि फ्रोडे एस्टिल हे दोन नॉर्वेजियन अगदी एकाच क्षणी अंतिम रेषेवर पोहोचले होते. छायाचित्रालाही त्यांच्यात भेद करता आला नाही, म्हणून रौप्यपदक दोघांना देण्यात आले. म्युलेगचे पदक काढून घेतल्यावर, २००४ साली, सुवर्णपदकही त्या दोघांनाच मिळाले. तोपर्यंत सोल्जर हॉलोच्या त्या बर्फावरून दोन उन्हाळे जाऊन गेले होते.