जुळवलेले आकडे

जुन्या गाडीचा सौदा करताना आपण इंजिनचा नंबर आणि चॅसीचा नंबर ताडून पाहतो. दोन्ही कागदाशी जुळले की मन निश्चिंत होते. पण आकडे जुळूनही वस्तू खोटी असू शकते आणि न जुळताही ती प्रामाणिक असू शकते, हे आम्हाला जुन्या लष्करी रायफलींविषयी वाचताना उमगले. आम्ही शिकारी नव्हे, शस्त्रांचे शौकीन तर मुळीच नव्हे. तरीही हा प्रश्न मनातून जाईना.

मोसिन-नागांत ही रायफल झारच्या रशियाने 1891 साली स्वीकारली. 1917 मध्ये फिनलंड रशियापासून स्वतंत्र झाला, तेव्हा या रायफली मोठ्या संख्येने त्याच्या हाती आल्या. पुढे त्याने आणखी विकत घेतल्या, 1939-40 च्या हिवाळी युद्धात आणि नंतरही सोव्हिएत सैन्याकडून हिसकावल्या. नळी ज्यात आटे फिरवून बसवतात तो पोलादी सांगाडा, म्हणजे रिसीव्हर, फिनलंडने स्वतः कधी बनवला नाही. रशियन रिसीव्हर घ्यायचा, त्यावर आपली नळी चढवायची, बर्च लाकडाचा दस्ता लावायचा आणि चौकटीत 'एसए' हा फिनी सैन्याचा शिक्का मारायचा, असा तो कारभार होता.

अशी रायफल ओळखायची तर ती उघडावी लागते. नळीवर एक साल असते. दस्ता काढला की रिसीव्हरच्या शेपटीखाली दुसरेच साल निघते. नळी 1942 ची आणि रिसीव्हर 1896 चा, असेही घडते. अमेरिकेच्या कायद्यात रिसीव्हर हीच बंदूक. आणि 1898 पर्यंत बनलेली बंदूक ही पुराणवस्तू. म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जोडलेली रायफल कायद्याने झारच्या काळातली ठरते! कायद्याला कुठे तरी बोट ठेवावेच लागते, त्याने ते तिथे ठेवले. पण हिवाळ्यात ती खांद्यावर वाहणाऱ्या फिनी शिपायाला विचारले असते, तर त्याने काय सांगितले असते?

फिनी रायफलींत बोल्टचा आकडा नळीच्या आकड्याशी न जुळणे नेहमीचेच. उलट, महायुद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांत लाखो रायफली सुट्या करून, दुरुस्त करून पुन्हा जोडल्या गेल्या. जोडताना बोल्ट, मॅगझिनचे बूड आणि दस्त्याच्या टोकाचा पत्रा यांवरचे जुने आकडे रद्द करून नळीचा आकडा ठोकला गेला. कुठे जुन्या आकड्यावर नुसती रेघ मारलेली दिसते. चारही आकडे जुळतात. पण भाग चार वेगवेगळ्या रायफलींचे असू शकतात. आता हे खोटे म्हणायचे का?

आमच्या मते नाही. त्या कारागिराला एवढेच सांगायचे होते, की हे भाग आता एकमेकांचे आहेत. आज एखादा विक्रेता जुना आकडा घासून नवा ठोकतो आणि रायफल 'अस्सल, न उघडलेली' म्हणून चढ्या भावाने विकतो. हातोडी तीच, ठसा तोच, नियत मात्र निराळी. आणि हा केवळ पैशाचा घोळ नाही. काडतुसाच्या बुडाची कड आणि बोल्टचे तोंड यांत ठराविकच अंतर असावे लागते. ते वाढले तर काडतुसाचे कवच फाटून तापलेला वायू चाप ओढणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो. न जुळणारा आकडा खरेदीदाराला सावध करतो, 'आधी मोजून घे' म्हणतो. खोटा आकडा त्याला बेसावध ठेवतो.

मग दुरुस्तीचे काय? दस्ता घासून चकचकीत केला की त्यावरचे शिक्के गेले. जाणते लोक म्हणूनच नुसते जुने ग्रीस पुसतात, फार तर जवसाचे तेल चोळतात. पण 'मूळ रूपात आणतो' म्हणणाऱ्याला आमचा प्रश्न आहे: कोणत्या मूळ रूपात? 'एसए'चा शिक्का पुसून झारची रायफल परत आणायची, तर फिनी शिपायाची सगळी वर्षे पुसायची. शिकारीसाठी कुणी दस्ता कापून आखूड केला असेल, तर पुरा दस्ता बहुधा दुसरी रायफल मोडूनच मिळतो. एकीचे अंग भरायला दुसरी उघडी करायची. हे आम्हाला अजून नीट पटलेले नाही. पण कापलेला दस्ता तसाच ठेवावा, असेही ठामपणे सांगवत नाही.

स्विस सैन्याच्या के-31 रायफलींत दस्त्याच्या टोकाचा पत्रा उघडला की कधी कधी एक चिठ्ठी सापडते, शिपायाचे नाव आणि त्याची तुकडी लिहिलेली. समंजस माणूस ती वाचतो आणि जिथल्या तिथे ठेवून पत्रा पुन्हा बसवतो. आम्हाला वाटते, मोसिन दुरुस्त करणाऱ्यानेही पत्र्यामागे अशीच एक चिठ्ठी ठेवावी. कोणता भाग कुठून आणला, कोणत्या साली बसवला, आणि कोणता आकडा आपण ठोकला नाही.