सायकलला नंबरप्लेट लावून काय साधेल?

‘सायकललाही नंबरप्लेट लावा, म्हणजे हे सायकलवाले ताळ्यावर येतील,’ असं म्हणणारी माणसं हल्ली पुष्कळ भेटतात. सोसायटीच्या बैठकीत, बागेतल्या कट्ट्यावर, सिग्नलला थांबल्या थांबल्या हे वाक्य कानावर येतं. ते हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईंना तिन्हीसांजेला फुटपाथवर सायकलचा धक्का लागतो, त्या पडतात, मनगट मोडतं आणि सायकलवाला मागे वळूनही न बघता निघून जातो. मोटरसायकल असती तर कुणी नंबर तरी टिपला असता. इथे तक्रार करायची कुणाविरुद्ध? हा प्रश्न रास्त आहे. मात्र नंबरप्लेट हे त्याचं उत्तर नाही, अशी माझी खात्री आहे आणि त्यामागची कारणं मला सविस्तर मांडायची आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे सायकलला नंबर असण्याचा काळ महाराष्ट्रात होऊन गेलेला आहे. नगरपालिका सायकलवर कर घेत आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा छोटा बिल्ला देत. साठी-सत्तरीतल्या वाचकांना तो नक्की आठवेल. कायद्याने आजही असा कर लावायला आडकाठी नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत यंत्राने चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या, अशा दोन्ही वाहनांवरच्या कराचा उल्लेख आहे. पण बिल्ला ही कर भरल्याची पावती होती. ती सायकलच्या मालकाबद्दल सांगत होती. सायकल कशी चालवली जाते याच्याशी तिचा संबंध नव्हता. त्या काळात रात्री सायकलला दिवा लागत असे, डबलसीट जाताना चौक आला की मागचा उतरून चालू लागे, तो चौकात उभ्या असलेल्या पोलिसाच्या धाकाने. तो हात आडवा करायचा, सायकल थांबवायचा, प्रसंगी चाकातली हवा सोडून द्यायचा. शिक्षा जागच्या जागी आणि माणसाला समोर उभं करून होत असे. बिल्ल्यावरचा आकडा वाचून घरी नोटीस पाठवण्याचा तो प्रकार नव्हता.

परदेशातला अनुभवही हेच सांगतो. नेदरलँड्स हा सायकलचा देश म्हणून आपण नेहमी त्याचे दाखले देतो. तिथे १९२४ पासून प्रत्येक सायकलला कर भरल्याची धातूची पट्टी सक्तीची होती. मंदीच्या काळात बेकारांना ही पट्टी फुकट मिळे, पण तिला मुद्दाम एक भोक पाडलेलं असे. हा माणूस कर भरू शकत नाही, हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसावं अशी ती व्यवस्था होती. १९४१ साली तो कर आणि ती पट्टी दोन्ही गेलं. आज जी शिस्तबद्ध डच सायकल-वाहतूक आपण कौतुकाने बघतो, ती त्यानंतर तीन दशकांनी घडू लागली. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेच्या वर मुलं होती. पालक रस्त्यावर उतरले आणि ‘बालहत्या थांबवा’ या नावाने आंदोलन उभं राहिलं. त्याच सुमाराला तेलटंचाई आली आणि सरकारला नव्याने विचार करावा लागला. मग वेगळे सायकलमार्ग आले, निवासी गल्ल्यांमधला वेग उतरवला गेला, चौकांची रचना बदलली. मोटार आणि सायकल यांच्या अपघातात भरपाईची जबाबदारी मुख्यतः मोटारवाल्यावर टाकणारा नियमही तिथे आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर ती जवळजवळ पूर्णपणे त्याच्यावर येते. एवढं सगळं झालं ते सायकलला कुठलाही नंबर नसताना.

कॅनडातल्या टोरांटो शहराने १९३५ साली सायकलला परवाना सक्तीचा केला आणि १९५७ साली तो रद्द केला. रद्द करताना दिलेलं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे : या नियमामुळे कोवळ्या वयातली मुलं नकळत कायदा मोडणारी ठरतात आणि पोलीस व मुलं यांच्यातले संबंध बिघडतात. पुढे या शहराने हा विषय पुन्हा पुन्हा तपासायला घेतला आणि प्रत्येक वेळी परवाना नको याच निष्कर्षाला ते आलं. स्वित्झर्लंडमध्ये विम्यासाठी सायकलवर दरवर्षी नवी चिकटपट्टी लावावी लागे. २०१२ पासून तीही गेली.

जपानचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. तिथे १९९४ पासून सायकलची नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. दुकानातच नोंद होते, फ्रेमवर क्रमांकाची पट्टी चिकटवली जाते. तिचा हेतू चोरीला आळा घालणं आणि सापडलेली सायकल मालकाकडे पोचवणं हा आहे आणि तेवढं काम ती बऱ्यापैकी करते. पण सायकल चालवताना मोबाइल बघणं, सिग्नल तोडणं, उलट्या बाजूने जाणं या तक्रारी वाढल्या तेव्हा ती नोंदणी उपयोगी पडली नाही. त्यासाठी जपानने २०२४ साली वेगळा कायदा केला आणि १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवून सोळा वर्षं व त्यापुढच्या सायकलस्वारांना जागेवर दंडाची पावती देण्याची तरतूद केली. पोलीस माणसाला थांबवतो आणि पावती फाडतो. ज्या देशात सायकलींवर आधीच क्रमांक आहेत, त्यालाही शिस्तीसाठी रस्त्यावरच्या पोलिसाकडेच वळावं लागलं.

आता आपल्याकडे बघू. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार रस्त्यावरच्या प्रत्येक मोटरसायकलला नंबर आहे. अलीकडे तर जुन्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. त्या प्लेटसाठी लोकांनी नोंदणी केली, तारखा घेतल्या, मुदतवाढी बघितल्या. पण संध्याकाळी कुठल्याही मोठ्या शहरात फुटपाथवरून चालून पाहावं. मागून हॉर्न वाजवत येणाऱ्या प्रत्येक दुचाकीला नंबर असतो. उलट्या दिशेने येणाऱ्या रिक्षालाही असतो. महाराष्ट्रात ई-चलानच्या थकलेल्या दंडाची रक्कम हजार कोटींच्या पुढे गेलेली आहे. नंबर ठळक आहे, कॅमेऱ्याने टिपलाही आहे, तरी वसुली होत नाही आणि वागणूकही बदलत नाही. जे औषध मोटरसायकलला लागू पडलं नाही, ते सायकलला कसं लागू पडेल?

मोटारीला नंबर का हवा, याचं उत्तर तिच्या ताकदीत आहे. बाराशे किलोची मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने जाते तेव्हा तिच्यात जी गतिज ऊर्जा असते, ती ताशी १५ किलोमीटरने जाणाऱ्या सायकल आणि स्वाराच्या मिळून ८५ किलो वजनातल्या ऊर्जेच्या दीडशेपटीहून अधिक भरते. माणूस मारून काही सेकंदांत नजरेआड होण्याची क्षमता ज्या यंत्रात आहे, त्याच्यावर सरकारने ओळख लादणं योग्यच आहे. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. सरकारी अहवालानुसार त्यांतल्या दहापैकी सात मृत्यूंमागे अतिवेग होता. मेलेल्यांत पादचारी ३२ हजारांहून अधिक, सायकलस्वार ४ हजारांहून अधिक. सायकलचा धक्का लागून माणूस जखमी होतो, क्वचित दगावतोही, त्याचं दुःख कमी लेखू नये. पण रस्त्यावरच्या मृत्यूंच्या या हिशेबात सायकलवाला मरणाऱ्यांच्या बाजूला आहे आणि नियम करताना हे नजरेआड करून चालणार नाही.

सायकलवाले नियम मोडतात हे खरंच आहे. ते कुठे आणि कसे मोडतात हे मात्र जवळून बघायला हवं. माझ्या रोजच्या रस्त्यावर एक दूधवाले काका सकाळी येतात. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमच्या किटल्या, हँडलला पिशव्या. त्यांचं पुढचं गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडे, जेमतेम शंभर पावलांवर. मधे दुभाजक. पूर्वी तिथे वाट होती. उड्डाणपूल झाला आणि ती बंद झाली. आता नियमाने जायचं तर पुलाच्या पायथ्यापर्यंत जाऊन वळायचं आणि तेवढंच अंतर परत यायचं. मोटारवाल्याला यासाठी पाय थोडा दाबावा लागतो. काकांना तो चढ भरलेल्या किटल्यांसह पायांनी ओढायचा असतो. म्हणून ते पायी ओलांडायच्या जागेतून सायकल हातात धरून पलीकडे नेतात आणि कडेकडेने उलट्या दिशेने जातात. त्याच रस्त्याला सायकल ट्रॅकही आहे. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी तो खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो, मधे विजेची डीपी उभी आहे, पुढे दुचाक्या लावलेल्या आहेत आणि चौक यायच्या आधी तो संपतो. ज्या ठिकाणी सायकलवाल्याला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, नेमका तिथेच. या काकांच्या सायकलला नंबर लावला तर त्यांना दंड करता येईल. पण त्यांचा रस्ता सरळ होणार नाही.

आणि नंबर लावणार तरी कुठे? आपल्याकडे दुचाकीची मागची प्लेट २०० बाय १०० मिलिमीटरची असते. काकांच्या सायकलवर तेवढी जागा किटल्यांच्या मागे झाकून जाईल. पेपर टाकणाऱ्या मुलाच्या कॅरियरवर गठ्ठा असतो, कुणाच्या मागे लहान मूल. प्लेट लहान केली तर चालत्या सायकलवर ती वाचता येणार नाही. त्यातून सायकल हातोहात फिरणारी वस्तू आहे. थोरल्याची धाकट्याकडे, तिथून वॉचमनच्या मुलाकडे, मग त्याच्या गावाकडच्या भावाकडे. देशात वर्षाला कोटीच्या पुढे सायकली विकल्या जातात. यांतल्या प्रत्येकीचं नाव दर वेळी बदलून घ्यायला आरटीओच्या रांगेत कोण उभं राहील?

जी माणसं उभी राहणार नाहीत, तीच कायद्याच्या कचाट्यात सापडतील. २०११ च्या जनगणनेत कामावर कसे जाता हे विचारलं गेलं, तेव्हा शेती व घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांत सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. मोटरसायकल-स्कूटरने जाणारे जवळपास तितकेच. बांधकामावरचा मजूर, सिक्युरिटीचा माणूस, धुणीभांडी करणाऱ्या ताई यांत येतात. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. बिहारमध्ये २००६ पासून अशीच योजना राबवली गेली आणि अभ्यासातून असं दिसलं की माध्यमिक शाळेतल्या मुला-मुलींच्या पटसंख्येतली दरी तिने सुमारे ४० टक्क्यांनी कमी केली. एका हाताने सायकल द्यायची आणि दुसऱ्या हाताने तिच्यासाठी कागदपत्रं मागायची, हे कुठल्या धोरणात बसतं?

सायकली कमी झाल्या तर राहिलेल्या सायकलवाल्यांचा धोका वाढतो, हेही ध्यानात घ्यायला हवं. पीटर जेकबसन यांनी २००३ साली वेगवेगळ्या शहरांची आणि देशांची आकडेवारी मांडून दाखवलं की जिथे सायकलवाले आणि पादचारी जास्त, तिथे त्यांतल्या प्रत्येकाला असलेला धोका कमी. रस्त्यावर सायकल सतत दिसत राहिली की मोटारवाल्याची नजर तिला सरावते. नोंदणीची कटकट सगळ्यांत आधी नवख्याला घरी बसवेल. पुण्यासारख्या शहराने हे शहाणपण कागदावर मान्य केलेलं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. तो रस्त्यावर किती उतरला, हे पुणेकर रोज बघतात.

मग त्या पडलेल्या बाईंचं काय? त्यांना न्याय देण्यासाठी लागणारी बहुतेक साधनं आज हाताशी आहेत. भारतीय न्याय संहितेचं २८१ वं कलम सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे ‘कुठलंही वाहन’ चालवण्याबद्दल आहे. सायकल त्यातून सुटत नाही. सायकल ताशी १५ किलोमीटरने जाते, तिला हाताने थांबवता येतं. फुटपाथवर सायकल घालणाऱ्याला, अंधारात दिव्याशिवाय फिरणाऱ्याला पोलिसाने थांबवावं, समज द्यावी, पुन्हा केल्यास दंड करावा. परावर्तक सायकलवर असावेत म्हणून केंद्राने २०२० साली गुणवत्ता आदेश काढलेला आहे. दिवा आणि घंटीसुद्धा विक्रीच्या वेळीच बसवून देणं बंधनकारक करावं. ज्या विजेवरच्या सायकली २५० वॉटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत आहेत, त्यांना नोंदणीतून सूट आहे आणि ती राहावी. पण फेरफार करून चाळीस-पन्नासच्या वेगाने पळवली जाणारी गाडी कायद्याने मोटार वाहन ठरते. तिला नंबर लागतोच. तो आहे की नाही हे तपासायला हवं. चोरीची भीती असेल तर फ्रेमवर कोरलेला क्रमांक विक्रेत्याने पावतीवर लिहून द्यावा. आणि शाळेत पाचवी-सहावीत सायकल चालवण्याचं शिक्षण मिळावं : हात कसा दाखवायचा, वळताना मागे कसं बघायचं, चालणाऱ्याला आधी वाट का द्यायची.

चालणाऱ्याला आधी वाट, हा नियम सायकलवाल्यांनी स्वतःहून पाळायला हवा. मोटारवाल्याने आपली काळजी घ्यावी असं आपण ज्या न्यायाने म्हणतो, त्याच न्यायाने आपल्याहून दुबळ्या पादचाऱ्याची काळजी आपण घेतली पाहिजे. फुटपाथ म्हाताऱ्यांचा आणि मुलांचा आहे. तिथे सायकल चालवणाऱ्याला रस्ता वाईट असल्याची सबब सांगता येणार नाही. त्याने उतरून हातात धरून न्यावी.

नंबरप्लेट मागणारे आणि सायकल चालवणारे यांचं भांडण मुळात एकमेकांशी नाही. दोघांनाही एकाच अरुंद पट्टीत ढकलून दिलेलं आहे आणि रस्त्याचा उरलेला सगळा रुंद भाग मोटारींना दिलेला आहे. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातली कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकात सुचवता येतात. यंदा तो अर्ज भरताना त्या बाईंच्या शेजाऱ्यांनी आणि दूधवाल्या काकांच्या गिऱ्हाइकांनी एकत्र बसावं. दुभाजकात एक वाट, फुटपाथवर एक मोकळा सलग पट्टा, चौकापर्यंत पोचणारा सायकलमार्ग, बंद पडलेला एक दिवा : एवढंच लिहावं आणि काम होईपर्यंत पाठपुरावा करावा. सायकलवाल्यांच्या वागण्यात त्यातून जो फरक पडेल, तो कुठल्याही नंबरप्लेटने पडणार नाही.