‘तिलावा’ आणि प्रारब्ध

20 नोव्हेंबर 1942 रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली ‘तिलावा’ ही आगबोट 23 तारखेला जपानी पाणबुडीने अरबी समुद्रात बुडवली. 280 माणसे गेली, 678 वाचली. अशा वेळी ‘ज्याचे त्याचे प्रारब्ध’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पण एका पाणतीराने आगबोट लगेच बुडाली नव्हती. दुसरा पाणतीर सोडावा लागला, आणि तो सोडण्याचा हुकूम माणसाने दिला होता. 280 जणांची संचिते एकाच पहाटे पिकली असे मानले, तर हुकूम देणारा निर्दोष ठरतो. कर्मसिद्धान्ताला हे कसे चालावे? कोणी गीतेतल्या ‘तू केवळ निमित्त हो’ या अर्जुनाला केलेल्या उपदेशाकडे बोट दाखवील. पण तो उपदेश रणात सशस्त्र उभ्या योद्ध्याला आहे. त्यातून नि:शस्त्र उतारूंच्या मृत्यूचे समर्थन काढणे ओढाताणीचे आहे. 1915 साली ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध करून गीतेचा कर्मयोगपर अर्थ लावणाऱ्या टिळकांनी पुढच्याच वर्षी आमच्या बेळगावात होमरूल लीग काढली. पारतंत्र्याला प्रारब्ध म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. शोकाकुलांना प्रारब्धाने धीर मिळत असेल, तर त्यांच्याशी वाद कशाला? जबाबदारी ठरवताना मात्र हा शब्द बाजूला ठेवावा. वाचलेल्यांपैकी बहुतेकांनाही ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेवरच्या माणसांनीच पाण्यातून वर काढले.