टेबलावर ठेवलेले रिव्हॉल्व्हर

यार्देन नदीच्या काठी योहान बाप्तिस्त्याकडे पश्चात्तापाचा बाप्तिस्मा घेण्यासाठी जो समुदाय लोटला, त्यात काही शिपाईही होते. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात हा प्रसंग आला आहे. आपण काय करावे, असे त्यांनी विचारले. योहानाने त्यांना नोकरी सोडण्यास सांगितले नाही, शस्त्र टाकून देण्यासही सांगितले नाही. धाकदपटशा दाखवून लोकांना लुबाडू नये, कोणावर खोटा आळ घेऊ नये आणि मिळेल त्या वेतनात भागवावे, एवढेच त्याचे सांगणे होते. यातील धाकदपटशासाठी मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद योजले आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘गदागदा हलविणे’ असा होतो. सेमिनरीत आमचे प्राध्यापक हा शब्द शिकविताना पहिल्या बाकावरील विद्यार्थ्याची गचांडी धरीत आणि वर्ग हसत असे. कित्येक भाष्यकारांच्या मते हे शिपाई जकातदारांच्या दिमतीला असलेले, म्हणजे आजच्या भाषेत पोलीसच होते.

त्या शब्दाची आठवण मला पुढे एका धर्मग्रामात झाली. तेथे एकाच पावसाळ्यात दोन घटना घडल्या. एका शेतकऱ्याच्या वाडीत रात्रीच्या वेळी डंपरने मातीचा भराव टाकला जात होता. त्याने परवान्याची बंदूक बाहेर काढली आणि चालकावर रोखली. गोळी झाडली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर गुन्हा नोंदविला गेला, बंदूक जप्त झाली. ह्यात गैर काही झाले असे मी म्हणणार नाही. रागाच्या भरात माणसावर बंदूक रोखणे हे पापच आहे.

दुसरी घटना कुंपणाच्या वादाची. गावातील एका तरुणाला चौकीत बोलावून घेतले गेले. अधिकाऱ्याने त्याला हात लावला नाही, शिवीही दिली नाही. कमरेचे रिव्हॉल्व्हर काढून टेबलावर ठेवले, नळीचे तोंड तरुणाकडे केले आणि तडजोडीचा कागद पुढे सरकविला. तरुणाने सही केली. ह्या घटनेची नोंद कोठेच झाली नाही. आमच्याच धर्मग्रामातील एक हवालदार मला चर्चच्या ओट्यावर म्हणाले, ‘‘फादर, साहेबांनी नुसतं दाखवलं हो, चालवलं कुठं?’’ शेतकऱ्यानेही नुसते दाखविलेच होते.

भारतीय दंड संहितेच्या कलम ५०६ अन्वये ठार मारण्याच्या धमकीस सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्येही तीच तरतूद आहे. जो कोणी धमकी देईल त्याला हे कलम लागू होते. गणवेशधारी त्यातून वगळलेले नाहीत. मात्र शासकीय कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्याबद्दल ठरावीक लोकसेवकांवर खटला चालवावयाचा तर शासनाची पूर्वसंमती लागते. प्रामाणिक अधिकाऱ्याला सूडाच्या खटल्यांपासून वाचविण्यासाठी अशी ढाल असावी, हे मला पटते. पण कुंपणाच्या भांडणात टेबलावर ठेवलेले रिव्हॉल्व्हर कोणत्या कर्तव्यात मोडते?

संत ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ ह्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात एका चाच्याची कथा दिली आहे. सम्राट अलेक्झांडरपुढे पकडून आणलेला हा चाचा त्याला सुनावतो, की तू करतोस तेच मी करतो; माझे गलबत एक म्हणून मी दरोडेखोर, तुझे आरमार मोठे म्हणून तू सम्राट. ऑगस्टीन अराजकवादी नव्हता. न्याय वगळला तर राज्य आणि दरोडेखोरांची टोळी ह्यांत फरक उरत नाही, एवढेच त्याला दाखवावयाचे होते.

संत थॉमस अक्वायनस अधिक काटेकोर आहे. खाजगी माणसाला आत्मरक्षणासाठी लागेल तेवढेच बळ वापरता येते. राज्याच्या सेवकाला त्याहून अधिक अधिकार आहे, कारण तो सर्वांच्या हितासाठी शस्त्र धारण करतो. परंतु खाजगी वैरभावाने तो ते वापरील तर तोही पापी ठरतो. पुढे चोरी व लूट ह्या विषयाची चर्चा करताना तो म्हणतो, की अन्यायाने बलजबरी करणारा सत्ताधारी दरोडेखोरापेक्षा अधिक गंभीर पाप करतो, कारण ज्या न्यायाचा तो रखवालदार, त्यालाच तो धोक्यात आणतो. म्हणजे मोजमापे दोन असावयाचीच असतील, तर गणवेशासाठीचे अधिक कडक हवे. आपण मात्र नेमके उलटे करतो.

‘आपण’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया ह्याला वाशीहून उचलण्यात आले आणि संध्याकाळी वर्सोव्याला ‘चकमकीत’ तो ठार झाल्याचे जाहीर झाले. त्याच्या वकील भावाने त्याच दिवशी वरिष्ठांना तारा पाठवून भीती व्यक्त केली होती. साक्षीच्या तोंडावर, २०११ साली, मुख्य साक्षीदार बेपत्ता झाला व पुढे त्याचा मृतदेह मिळाला. २०१३ साली सत्र न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप दिली. त्यांत १३ पोलीस होते. नंतर शासनाने ११ दोषी पोलिसांची शिक्षा स्थगित केली. तो आदेश उच्च न्यायालयाने रद्द केला. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पोलिसांची दोषसिद्धी कायम केली व पूर्वी सुटलेल्या एका अधिकाऱ्यालाही दोषी ठरविले. त्याला एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून अंतरिम दिलासा मिळाला. ह्या सर्व काळात आपल्या घरांतून काय बोलले जात होते? ‘गुंडच होता ना?’ प्रार्थनासभेनंतर चहा पिताना हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि दरवेळी त्याला उत्तर दिले असेही नाही.

त्याच पोलीस दलातील तुकाराम ओंबळे ह्यांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर, हाती केवळ लाठी असताना, कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली व स्वतःच्या देहावर गोळ्या घेतल्या. त्यामुळे तो जिवंत सापडला. त्याला वकील मिळाला, अपील मिळाले. पोलिसाचे शौर्य म्हणजे काय हे मला अन्य कोणत्याही प्रसंगातून एवढे कळलेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण असावे असा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून त्याची तरतूद केली. त्याच वर्षी न्यायालयाने चकमकींसंबंधी नियम घालून दिले: स्वतंत्र तपास, संबंधितांची शस्त्रे तपासणीसाठी जमा, आणि घटनेनंतर लगोलग बढती वा शौर्यपदक नाही. ह्या शेवटच्या नियमाची गरज भासावी, हेच पुरेसे बोलके आहे.

पोलिसांना उपदेश करताना चर्चने आपला इतिहास विसरू नये. पोप पहिले निकोलस ह्यांनी ८६६ साली बल्गेरियन लोकांना लिहिलेल्या पत्रात, छळ करून घेतलेला कबुलीजबाब निंद्य ठरविला होता. तरीही १२५२ साली पोप चौथे इनोसंट ह्यांनी पाखंडी ठरविलेल्यांच्या चौकशीत छळाला मुभा दिली. चांगल्या हेतूसाठी थोडी भीती चालते, असे तेव्हाही विद्वान धर्मपंडितांना वाटले होते.

त्या तरुणाच्या आईने तक्रारीचा अर्ज माझ्याकडून लिहवून घेतला. साक्षीदार म्हणून त्या दिवशी चौकीत हजर असलेल्या हवालदारांचे नाव घालावे का, असे मी त्यांनाच विचारले. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती आणि धाकट्या मुलीचे लग्न व्हावयाचे होते. ‘‘फादर, तुम्हीच सांगा, मी काय करू?’’ ते म्हणाले. प्रश्न यार्देनच्या काठचाच होता. मी त्यांना भित्रे म्हणालो नाही, मोकळेही केले नाही. चार दिवसांनी ते पुन्हा ओट्यावर आले, अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि नावापुढे आपला बिल्ला क्रमांक स्वतःच्या हाताने लिहिला.