तशीच झाली का?

एखाद्या वस्तूची नक्कल करून दाखविणाऱ्याला आपण काय उत्तर द्यावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. परदेशी स्थायिक झालेले आमच्या भागातील तरुण सुट्टीवर येतात, तेव्हा घरी बिअर बनविण्याच्या तेथील छंदाविषयी सांगतात. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने त्या छंदाला वाट मोकळी झाली. आपल्या राज्यात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून बिअर बनविणे गुन्हा आहे. शिवाय दारूपायी उद्ध्वस्त झालेली घरे जळगाव-धुळ्यातही आहेत. तेव्हा हा छंद येथे कोणी आरंभावा, असे आम्ही सुचवीत नाही. आम्हांला विचार करावासा वाटतो तो त्यातील पारखीचा.

हे छांदिष्ट बाजारातील एखाद्या नामांकित बिअरची नक्कल करतात आणि मित्रांना विचारतात, "तशीच झाली का?" मित्र भिडेपोटी "अगदी तशीच" म्हणून मोकळे होतात. हे सौजन्य वरवरचे आहे. त्याने शिकू पाहणाऱ्याची वाट अडते. म्हणून जाणते लोक तीन पेल्यांची कसोटी घेतात. दोन पेल्यांत एक पेय आणि तिसऱ्यात दुसरे. नाव कशावरच नाही. वेगळा पेला चाखून ओळखायचा. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यात १९४० च्या दशकात ही पद्धत आकाराला आली. निव्वळ अंदाजानेही तिघांपैकी एकाचे उत्तर बरोबर येऊ शकते, म्हणून ती पुष्कळांकडून व पुनःपुन्हा करवून घेतात. नाव झाकले की किंमत, ख्याती आणि स्नेह यांचे जिभेवरील दडपण दूर होते. काना येथील लग्नातील भोजनकारभाऱ्याला द्राक्षारस कोठून आला हे ठाऊक नव्हते. म्हणूनच त्याच्या अभिप्रायाला साक्षीचे मोल आले.

परंतु ही कसोटी केवळ सारखे की वेगळे, एवढेच सांगते. वेगळे म्हणजे वाईट, हा निष्कर्ष आपण पदरचा जोडतो. पिल्झेन शहरात १८४२ साली जन्मलेल्या सोनेरी बिअरचे मर्म तेथील अतिशय मृदू पाण्यात आहे. तेच माल्ट आणि तेच हॉप्स जड पाण्यात शिजविले, तर कडवटपणा बोचरा होतो. डब्लिनच्या जड पाण्याला मात्र काळी बिअर मानवली. आमच्याकडील पुष्कळ विहिरींच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, हे जाणणाऱ्या गृहिणींना पाण्याचा हा महिमा निराळा सांगावयास नको.

खानदेशात भरिताची पारख तर उलटी चालते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण पऱ्हाट्यांवर भाजलेल्या त्या वांग्यांचे भरीत हॉटेलात खाल्ले, तर "घरच्यासारखे झाले आहे" हीच त्याची खरी स्तुती. येथे माप घराचे आहे, बिअरच्या बाबतीत दुकानाचे. दोन्ही मापे माणसांनीच ठरविलेली.

तेव्हा विचारणाऱ्याला आपण दोन उत्तरे देणे लागतो. पहिले त्याच्या प्रश्नाचे, आडपडदा न ठेवता: "नाही, तशी झाली नाही." दुसरे त्याने न विचारलेले: जे झाले आहे, ते स्वतःच्या ठायी कसे आहे? पहिले टाळणे असत्य होय, दुसरे टाळणे अन्याय. शेजारच्या मुलाच्या गुणपत्रिकेशी आपल्या मुलाची तुलना करणारे आईबाप बहुधा पहिल्याच उत्तरावर थांबतात. दुसरे ऐकण्यासाठी ते मूल किती वर्षे ताटकळत राहते, याचा विचार आपल्या घरांतून व्हावयास हवा.