पासंग

मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला जत्रा भरते. तिच्यातला बैलबाजार नावाजलेला. बैलाला काटा लावीत नाहीत. दात पाहून, पाठीवरून हात फिरवून किंमत ठरते. तागडी असायची ती दुकानांच्या रांगेत, आणि तागडी आली की पासंग आलाच. रिकाम्या तागडीचे एक पारडे जरासे खाली राहते, तो पासंग. अशा तागडीने हजार वेळा जोखा, चूक हजारही वेळा त्याच बाजूला पडेल. हाताच्या थरथरीची चूक सरासरीत विरते. पासंग सरासरीत मुरतो.

आकाश जोखणाऱ्यांचेही असेच आहे. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वाटेतल्या अदृश्य द्रव्यामुळे किंचित वाकतो आणि त्यांचे आकार जेमतेम शेकडा एक इतके ताणले जातात. दीर्घिका मुळातच वेड्यावाकड्या. म्हणून लाखोंची सरासरी घ्यायची. परंतु आपली हवा आणि दुर्बीण यांनीही त्या ताणल्या जातात! बिंदूवत् ताऱ्यांचे ठिपके कसे विसकटले ते पाहून हा पासंग काढता येतो. दीर्घिकांची अंतरे मात्र बहुधा रंगांवरूनच अजमावलेली असतात. तिथला पासंग अधिक बिकट.

मला छळणारा प्रश्न निराळा आहे. पासंग ठाऊक नसलेला दुकानदार लबाड नव्हे. पण तोटा आला तेवढ्याच दिवशी तागडी तपासणारा? त्याने वजनात हात घातला नाही, एक अक्षर खोटे बोलला नाही. तरी त्याची वही त्याच्याच बाजूला कलणार. मनाजोगे उत्तर येताच तपास थांबवणारा पंडित त्याच पंक्तीतला.

सुबारू दुर्बिणीच्या सर्वेक्षणात पुण्याच्या आयुका संस्थेतलेही संशोधक आहेत. २०२३ च्या निकालाआधी तिथे मापांच्या तीन वह्या केल्या होत्या. एक खरी, दोन मुद्दाम बिघडवलेल्या. खरी कोणती, हे हिशेब करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. सारा तपास पुरा करूनच पडदा उघडायचा. सत्यासाठी स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्याचे हे व्रत मला फार आवडते. मात्र त्याने मनाचा कल आवरतो, तागडीचा नव्हे.

द्रव्याच्या पुंजकेपणाचा आकडा सुमारे ०.७८ आला. प्लँक उपग्रहावरून निघालेला होता ०.८३. फरक विश्वातला की तागडीतला? २०२५ साली किड्स या सर्वेक्षणाने, अंतरांचा अंदाज सुधारून, ०.८१५ हा आकडा दिला आणि त्याच्यापुरती तफावत जवळजवळ मिटली. आता आकडे जुळू लागल्यावर तागडी तितक्याच कसोशीने कोण तपासील?